रुंद होत गेलेला भांग

माझे केस जायला लागले तेव्हा मी धुळ्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. केस गळतात असं म्हणायलाही जागा नव्हती, कारण कंगव्यात गुंते येत नव्हते, उशीवर काही पडलेलं दिसत नव्हतं. फक्त भांग रुंद होत होता. कपाळावरची केसांची रेघ होती तिथेच होती, वेणीही पाठीवर होती, पण मधोमध पाडलेल्या भांगाच्या दोन्ही बाजूंना केस विरळ होत चालले होते. आधी वाटलं, आपण भांग नीट पाडत नाही. मग वाटलं, आरशावर उजेड जास्त येतो. एके दिवशी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकले होते. मागे उभी असलेली मैत्रीण म्हणाली, "अगं, वरून तुझी कातडी दिसते." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी उन्हाचं निमित्त करून डोक्याला स्कार्फ बांधायला लागले. धुळ्यात ऊन नाही असा दिवस क्वचितच असतो, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

आमच्या घरात टक्कल ही नवी गोष्ट नव्हती. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी केसांसकट कधी पाहिलंच नव्हतं. जिल्हा परिषदेत ते कारकून होते. ऑफिसला जाताना टोपी घालत, घरी आल्यावर ती खुंटीला अडकवत आणि पंच्याने डोकं पुसत. माझ्याहून थोडा मोठा भाऊ नरडाण्याच्या कारखान्यात लागला होता, त्याचंही कपाळ दर वर्षी मागे सरकत होतं. त्यावर घरात थट्टा व्हायची. मामा आले की तेही हसायचे, कारण त्यांच्याही डोक्यावर तेवढंच होतं. माझ्या डोक्यावर मात्र कोणी हसलं नाही. पहिल्यांदा आईने पाहिलं तेव्हा तिने दार लोटून घेतलं.

"इतलं वाचू नको," ती म्हणाली. "डोकं तपस आन् केस जातस."

घरात ती अहिराणीतच बोलायची. वाचण्यापासून सुरुवात झाली आणि मग कारणं वाढत गेली. मी ओले केस बांधते म्हणून. शाम्पू लावते म्हणून. तेल लावायचा कंटाळा करते म्हणून. बोअरच्या पाण्याने न्हाते म्हणून. त्या पाण्याने सगळं घर न्हायचं, पण ते सांगून उपयोग नव्हता. प्रत्येक कारणात मी काहीतरी केलेलं असायचं. विज्ञानाच्या वर्गात मी आनुवंशिकता शिकत होते, वाटाण्यांच्या झाडांची उदाहरणं सोडवत होते, आणि घरी आल्यावर माझ्या केसांबद्दल मीच जाब देत होते. त्या दोन गोष्टी एकमेकींना जोडाव्यात हे माझ्याही डोक्यात आलं नाही. नाना आणि भाऊ पुरुष होते. त्यांचं ते टक्कल होतं. माझं जे होतं त्याला आमच्या घरात शब्दच नव्हता.

आईने माका आणून तेल कढवलं. ते काळं तेल रोज रात्री चोळायचं आणि सकाळी कॉलेजला तसंच जायचं. मग कोणीतरी कांद्याचा रस सांगितला. रस लावून दोन तास बसायचं, मग धुवायचं, पण वास दिवसभर जायचा नाही. प्रॅक्टिकलला माझ्या शेजारच्या मुलाने जागा बदलून घेतली. मग जास्वंदीची पानं, मग दह्यात भिजवलेली मेथी. केस मऊ झाले, चमकले, आणि भांग होता तसाच पसरत राहिला.

पदवी झाली आणि स्थळं यायला लागली. त्या वर्षी आमच्या घरात दोन लग्नं उरकायची होती, भावाचं आणि माझं. पहिल्यांदा अमळनेरकडचे लोक मला पाहायला आले. आईने सकाळपासून माझ्या डोक्यावर काम केलं होतं. भांगाच्या दोन्ही बाजूंना काजळ बोटाने पसरलं, मागे खोट्या केसांचं गंगावन घालून मोठा अंबाडा बांधला, त्यावर मोगऱ्याचा गजरा माळला. आरशात मी स्वतःलाच बरी दिसले. पोहे झाले, प्रश्न झाले. शिक्षण, स्वयंपाक, शिवण. मग मुलाची मावशी माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, "जरा अंबाडा सोड बघू, किती लांब आहेत ते तरी कळू दे."

आई म्हणाली, "आत्ताच न्हाली आहे, ओले आहेत."

मावशीने ते ऐकलं नाही. तिने स्वतःच पिना काढल्या. गजरा सुटला, अंबाडा सुटला, आणि गंगावन तिच्या हातात आलं. ती क्षणभर ते धरून बसली. मग तिने ते चहाच्या ट्रेमध्ये, रिकाम्या बश्यांच्या शेजारी ठेवलं. अगदी हळू ठेवलं. त्यांनी उरलेला चहा संपवला, ऊन फार आहे असं बोलले, आणि नाना त्यांना एसटी स्टँडपर्यंत पोचवायला गेले. आई ट्रे उचलायला आली तेव्हा मी तिथेच बसले होते, मोकळ्या केसांनी. तिने ट्रे उचलला आणि मला म्हणाली, "ऊठ, तोंड धू."

त्याच महिन्यात आम्ही चोपड्याला भावासाठी मुलगी पाहायला गेलो. भाऊ तेव्हा पंचविशीचाही नव्हता आणि कपाळ माथ्याच्या अर्ध्यापर्यंत पोचलं होतं. मुलीच्या वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नानांना म्हणाले, "मुलगा हुशार दिसतो. कपाळावरूनच कळतं." सगळे हसले, भाऊही हसला. लग्न तिथेच ठरलं. परतताना एसटीत आई आनंदाने पेढे वाटत होती. मी खिडकीशी बसले होते. माझ्याही हातावर पेढा ठेवला, तो मी खाल्ला.

भावाचं लग्न उन्हाळ्यात होतं. त्याआधी माझ्या डोक्याचं काहीतरी व्हायला हवं होतं, कारण लग्नात चार लोक पाहतात, स्थळं सुचवतात. आईला साक्री रस्त्यावरच्या एका गावात औषध देणारा माणूस कळला. त्याच्याकडे बाहेरगावहून लोक येत. त्याने माझं डोकं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "चाई." चाई म्हणजे काय ते मला नंतर कळलं. त्यात केस एका ठिकाणचे एकदम जातात आणि गोल, गुळगुळीत चट्टा पडतो. माझ्या डोक्यावर एकही चट्टा नव्हता. पण त्याच्याकडे त्याच एका रोगाचं औषध होतं, आणि आईला कुठल्यातरी रोगाचं नाव हवं होतं. त्याने गुंजा उगाळून लेप केला, खरखरीत पानाने माझी कातडी लाल होईपर्यंत घासली आणि त्यावर तो लेप लावला.

"भाजेल," तो म्हणाला. "भाजलं म्हणजे लागू पडलं."

घरी येईपर्यंत डोकं पेटलं होतं. दुसऱ्या दिवशी फोड आले, नंतर ते फुटले. ताप आला. आई पंख्याने वारा घालत बसायची आणि म्हणायची, "लागू पडी राहिनं." फोडांच्या खपल्या निघाल्या तेव्हा भांगाजवळ दोन ठिकाणी पांढरे, तुकतुकीत डाग राहिले. तिथे आजपर्यंत केस आलेला नाही. एवढं मात्र त्या माणसाने खरंच करून दाखवलं. माझ्या डोक्यावर नव्हते ते चट्टे पाडून दिले.

लग्नाला भडगावहून अक्का आली. अक्का नानांची मोठी बहीण, माझी आत्या. तरुणपणीच नवऱ्याने तिला माहेरी पाठवलं होतं आणि तेव्हापासून ती भडगावला गिरणेकाठच्या आमच्या शेतातल्या घरात एकटी राहायची. मूल झालं नाही म्हणून पाठवली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. तिच्या डोक्यावर पदर कायम असायचा, घरात, शेतात, चुलीपुढे. हळदीच्या दिवशी मी न्हाणीघरात केस धुवत होते. दार नुसतं लोटलेलं होतं. अक्का पाणी घ्यायला आत आली आणि तिने माझं डोकं पाहिलं. मग तिने दाराला आतून कडी घातली, माझ्यासमोर पाटावर बसली आणि डोक्यावरचा पदर खाली केला.

माझा भांग रुंद होता. अक्काला भांगच नव्हता. वर माथ्यावर चार पांढरे केस होते, त्यातून सगळी कातडी दिसत होती, आणि कपाळावर मात्र केसांची एक बारीक झालर तशीच राहिलेली होती. पदर घेतला की तेवढीच दिसायची.

"मन्हं डोकं मी कोनले दखाडेल नही," ती म्हणाली. "तुना बापले बी नही."

डोकं तिने कोणालाच दाखवलं नव्हतं, नानांनाही नाही. मी तिला विचारलं, हे कधीपासून.

"तुना एवढी व्हती तैपासून. हाई आपला घरनं शे, पोर. हाई तेलनं काम नही." तिने पदर पुन्हा वर घेतला. "लोके सांगतस, पोर व्हयनं नही म्हनीन माले धाडी दिधं. पोर व्हवाले टाइम कोठे दिधा?"

मूल व्हायला वेळच कुठे दिला होता. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सासूने एका सकाळी तिचं डोकं पाहिलं आणि आठवडाभरात तिची पेटी बांधली. ती परत आली तेव्हा घरातल्या मोठ्यांनी मूल होत नाही ही गोष्ट पसरवली, कारण ती त्यांना कमी लाजिरवाणी वाटली. अक्काने ती गोष्ट आयुष्यभर पांघरली. हे सगळं तिने मला न्हाणीघरात, बाहेर बँडवाले वाजवत असताना सांगितलं. तिचा आवाजही हलला नाही. मला रडू आलं ते तिच्यासाठी आलं असं मी म्हणणार नाही. मला माझं पुढचं दिसलं होतं.

लग्न उरकल्यावर मी आईला सांगितलं. आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सुटकेसारखं काहीतरी आलं. ती थेट नानांकडे गेली. "म्हंजे हाई तुमना घरनं शे," ती म्हणाली. "मी उगीच इतला दिवस पोरले बोलनू." मला इतके दिवस बोलल्याचं तिला वाईट वाटलं असेलही, पण ते वाईट वाटणं लगेच रागात गेलं, आणि राग नानांच्या घराण्यावर. मी नानांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं अक्काचं?"

ते म्हणाले, "ती नेहमी पदर घ्यायची. सगळ्याच बायका घेतात." आणि वर्तमानपत्र उघडलं.

अक्कानेच मला जळगावला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. दवाखान्यात तिने स्वतःचा पदर काढायला साफ नकार दिला. "मन्हं व्हई गयं," एवढंच म्हणाली. डॉक्टर वयाने फार मोठे नव्हते. त्यांनी भिंगातून माझा भांग पाहिला, डाग पाहिले, ते कशाने झाले ते विचारलं आणि मान हलवली. पाळी नियमित आहे का, मोठा ताप येऊन गेला का, चेहऱ्यावर केस वाढलेत का, असं विचारलं. रक्त तपासायला पाठवलं, रक्त कमी आहे का आणि थायरॉइडचा त्रास आहे का ते पाहण्यासाठी. तिथे काही निघालं नाही. मग म्हणाले, "वडिलांना टक्कल आहे?"

"आहे. भावालाही. आत्यालाही."

"आईकडे?"

"मामांना आहे. तिघांनाही."

"मग दोन्हीकडून आलेलं असू शकतं," ते म्हणाले. "लोकांना वाटतं हे पुरुषांचंच असतं. तसं नाही. पुरुषांचं कपाळ मागे जातं, माथा उघडा पडतो. बायकांचा भांग रुंदावतो. मूळ गोष्ट तीच."

त्यांनी कागदावर केसाचं मूळ काढून दाखवलं. काही जणांच्या माथ्यावरची मुळं जन्मतःच शरीरातल्या हार्मोनना जास्त संवेदनशील असतात, ती हळूहळू आकसत जातात. प्रत्येक केस आपला काळ संपला की पडतो आणि नवा येतो, तसा इथेही येतो, पण दर वेळी आधीच्याहून बारीक आणि आखूड. शेवटी नुसती लव राहते, मग तीही नाही. डोक्याच्या मागच्या बाजूच्या मुळांना ही खोड नसते, म्हणून वेणी राहते.

"तेल?" मी विचारलं.

"तेलाने केस मऊ होतात."

"वाचन, पाणी, शाम्पू?"

ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. "तुम्ही काहीही केलेलं नाही," ते म्हणाले.

हे वाक्य ऐकायला मला इतकी वर्षं थांबावं लागलं. माझ्याशेजारी बसलेल्या अक्काला ते तिच्या तरुणपणी कोणी म्हटलं असतं तर काय झालं असतं, कोण जाणे. बहुधा काहीच झालं नसतं. सासूला डॉक्टरांच्या वाक्याशी देणंघेणं नव्हतं.

तेव्हा एक लोशन नुकतंच मिळायला लागलं होतं, मिनॉक्सिडिल. जळगावातल्या एकाच दुकानात यायचं, महागही होतं. डॉक्टरांनी सगळं आधी सांगितलं. रोज दोनदा डोक्याच्या कातडीला लावायचं, केसांना नाही. पहिले काही आठवडे उलट जास्त केस पडतील, घाबरायचं नाही. फरक दिसायला सहा महिने लागतील. गेलेले सगळे परत येणार नाहीत. लावणं थांबवलं की जे मिळालं तेही काही महिन्यांत जाईल. आणि मूल राहिलं तर बंद करायचं, बाळ अंगावर पीत असेल तोपर्यंत बंदच.

आईला मी मामांचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मन्हा भाऊ माणसं शेतस. त्यासनं काय." पुरुषांचं काय. या उत्तरापुढे माझं सगळं विज्ञान संपत होतं.

लोशनचं डॉक्टर म्हणाले तसंच झालं. आधी मूठमूठ केस गेले आणि आईने पुन्हा कांद्याचं नाव काढलं. मी ऐकलं नाही. मग भांगाच्या कडेला बारीक लव आली, तिच्यातले काही केस जाड झाले. डागांवर काही आलं नाही. पण रुंदावणं थांबलं होतं. मी बी.एड. केलं. नव्वद सालाच्या जरा नंतर वरणगावचं स्थळ आलं. मुलगा आयुध निर्माणीत होता. या वेळी मी ठरवलं होतं की काजळ लावायचं नाही. मी आईला सांगून त्याच्याशी गच्चीवर एकटीने बोलले. माझ्या केसांचं काय झालंय, ते कुठून आलंय, लोशन कायम लावावं लागेल, मूल राहिलं की थांबवावं लागेल आणि तेव्हा पुन्हा जातील, असं सगळं सांगितलं. अक्काचंही सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला केसांशी संसार करायचा नाहीये."

"तुमच्या आईंना हे माहीत असायला हवं."

"मी सांगतो," तो म्हणाला.

त्या एका वाक्यावर मी त्याच्यावर जीव टाकला. खोटं कशाला बोलू, लग्नानंतरची दोन वर्षं चांगली गेली. आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, मी गावातल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला लागले होते. जळगावला काही कामाने गेला की तो स्वतः लोशनची बाटली आणायचा. सासूबाई जवळच्याच खेड्यात मोठ्या दिरांकडे असायच्या, सणावाराला भेटायच्या. त्यांनी केसांचा विषय कधी काढला नाही, म्हणून मी समजले की त्यांना माहीत आहे आणि त्यांनी ते पोटात घातलं आहे. मनातल्या मनात मी त्यांना थोर मानत होते.

मग दिवस राहिले. मी बाटली कपाटात ठेवून दिली. बाळंतपण धुळ्याला झालं, मुलगी झाली. तिसऱ्या महिन्यात मी वरणगावला परत आले तेव्हा डोक्यावर काही शिल्लक नव्हतं म्हटलं तरी चालेल. बाळंतपणानंतर सगळ्याच बायकांचे काही केस जातात. त्यांचे परत येतात. माझे लोशन थांबल्यामुळेही गेले होते. सासूबाई नातीचं करायला म्हणून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. पहिल्याच रविवारी मला न्हाऊ घालायला बसल्या. त्यांनी तेलाचा हात माझ्या माथ्यावर ठेवला आणि तो तिथेच थांबला.

त्यांनी नानांना निरोप पाठवून बोलावून घेतलं. नाना आणि भाऊ आले. आई आली नाही. बाहेरच्या खोलीत सगळे बसले. सासूबाई मोठ्याने बोलल्या नाहीत. त्यांच्या बोलण्याला वरणगावकडचा हेल होता. "हे आमाले आधी काबरं नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या. "गाय घेताना लोक शिंगं पाहतात. आमाले तुम्ही झाकून पोरगी दिली."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पलंगाच्या कडेला बसून पायातल्या चपलेचा अंगठा नीट करत होता. मी वाट पाहिली. अजूनही मला तो वेळ फार लांबलचक आठवतो. मग मीच म्हणाले, "त्यांना माहीत होतं. मी लग्नाआधी सगळं सांगितलं होतं. गच्चीवर. आईंना सांगतो, असं तेच म्हणाले होते."

सासूबाई त्याच्याकडे वळल्या. "खरं आहे का रे?"

तो म्हणाला, "मला तसं काही आठवत नाही."

तो नाही म्हणाला असता तर मी भांडले असते. आठवत नाही म्हणणाऱ्या माणसाशी काय भांडणार. खोटारडी ठरायला मला कोणी खोटारडी म्हणावंही लागलं नाही. नानांनी डोक्यावरची टोपी काढली, ती दोन्ही हातांत धरली आणि मान खाली घालून म्हणाले, "चुकलं आमचं. पोरीला पदरात घ्या." त्यांचं पूर्ण टक्कल सगळ्यांसमोर चकाकत होतं. भाऊ शेजारी बसला होता, त्याचंही तसंच. दोन टकले पुरुष माझ्या टकलाबद्दल माफी मागत होते आणि खोलीतल्या एकालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही.

मला परत पाठवलं नाही. त्याचं कारण नवऱ्याचा चांगुलपणा नव्हता, माझी नोकरी होती. अक्काकडे नोकरी नव्हती. एवढा एकच फरक आमच्या दोघींच्या गोष्टीत आहे, आणि तो कोणाचं मन बदललं म्हणून पडलेला नाही.

त्या रविवारबद्दल आम्ही नवरा-बायको पुन्हा कधी बोललो नाही. फॅक्टरीतले लोक घरी यायचे असले की तो म्हणायचा, "जरा पदर घेत जा." मी घेत गेले. मुलीचं अंगावरचं दूध तुटल्यावर मी लोशन पुन्हा सुरू केलं, आता माझी मीच जाऊन आणायची. आधीइतका फरक पडला नाही. शाळेत दहावीला आनुवंशिकतेचा धडा आला की पोरं वाटाण्यांपेक्षा माझ्या डोक्याकडे जास्त पाहायची. मी धडा पूर्ण शिकवायचे. आई आणि वडील दोघांकडून गुण येतात, काही दिसतात, काही लपून राहतात, हे फळ्यावर लिहायचे आणि मुलांना उतरवून घ्यायला लावायचे.

काही वर्षांनी नवऱ्याचे केस जायला लागले. मागे माथ्यावर गोल उघडं पडलं. सासूबाई म्हणाल्या, फॅक्टरीतल्या काडतुसांच्या दारूच्या उष्णतेने. त्या आता आमच्याकडेच राहत होत्या. एके दिवशी त्या शेजारी गेल्या असताना तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुझं ते लोशन पुरुषांनाही चालतं का?"

मी सांगितलं, चालतं. पुरुषांसाठी जास्त तीव्रतेचंही मिळायला लागलंय. कातडी कोरडी असताना लावायचं, हात धुवायचे, सुरुवातीला जास्त पडतील. तो लक्ष देऊन ऐकत होता, गच्चीवर ऐकलं होतं तसंच. बोलून झाल्यावर मी विचारलं, "आता आठवतं का?"

"काय?" तो म्हणाला.

त्याने दोन-तीन महिने लावलं, खाज सुटते म्हणून सोडून दिलं. नंतर तो स्वतःच मित्रांमध्ये त्यावर विनोद करायला लागला. क्वार्टरमधल्या सोसायटीचं अध्यक्षपद त्याच्याकडे आलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, आता खरे साहेब दिसता. त्याच सुमारास मीही लोशन सोडलं. त्याच्या सोडण्याशी माझ्या सोडण्याचा काही संबंध नव्हता. मला रोज दोनदा आरशासमोर उभं राहून ते कोणासाठी लावायचं हे कळेनासं झालं, एवढंच. उरलेले केस मी मानेपर्यंत कापून घेतले. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पदर घे असं नवरा एकदा म्हणाला. मी घेतला नाही, तेव्हा पुन्हा म्हणाला नाही.

शतक संपत आलं होतं तेव्हा सासूबाईंना लकवा झाला. जीव वाचला, पण उजवा हात गेला. त्यांचे केस त्या वयातही भरगच्च होते, पांढरेशुभ्र, कमरेखाली येणारे. ते एका हाताने विंचरता येत नाहीत. मुलगी शाळेत जायची, नवरा पाळीवर, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. रोज सकाळी त्यांना ओट्यावर उन्हात बसवायचं, मागे बसायचं, तेल घालायचं, गुंता सोडवायचा आणि वेणी घालायची. माझ्या मुठीत मावायची नाही इतकी जाड वेणी व्हायची. माझे हात त्यांच्या केसांत होते आणि त्या समोरच्या कडुनिंबाकडे पाहत होत्या.

एका सकाळी त्या अडखळत्या जिभेने म्हणाल्या, "तुला राग येत असंल."

"येतो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवायचा प्रयत्न केला. माझ्या हातात वेणी होती म्हणून ती हलली नाही. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "जरा सैल घाल. मागे ओढतं."

मी वेणी उकलली, पुन्हा सैल घातली आणि टोकाला दोरा बांधला. नवरा पाळीवरून आला तेव्हा त्याने आम्हाला तसं बसलेलं पाहिलं. सायकल भिंतीला लावून तो आत गेला आणि चहा झाला का म्हणून आतूनच विचारलं.